बायकांचा बटाटा

आमच्या घरात दर रविवारी मटण शिजायचं आणि आई दर रविवारी बटाटा खायची. यात काही वावगं आहे, हे माझ्या लक्षात यायला वयाची तिशी उजाडली. आमच्या घरचं वळण किती पक्कं होतं, ते यावरून कळावं.

गाव आंबेगाव तालुक्यातल्या पठारावरचं. पठार म्हणजे बटाटा. पावसाळ्यात नजर जाईल तिकडे बटाट्याचे वरंबे, आणि काढणी सुरू झाली की गावात दुसरा विषय नाही. चांगला माल गोण्यांत भरून मंचरच्या बाजाराला जातो. घरी राहतो तो फाळाने चिरलेला, उंदराने कुरतडलेला, उन्हाने हिरवा पडलेला आणि लिंबाएवढी गोल्टी. बाहेरच्या माणसाला वाटतं, बटाट्याच्या गावात बटाट्याची काय चंगळ असेल. आम्ही अखंड, देखणा बटाटा पाहिला तो गोणीचं तोंड शिवेपर्यंतच.

मटणात बटाटा का घालतात, हे तुम्ही पुण्यात कुणाला विचारलंत तर ते रस्सा दाट व्हावा म्हणून असं सांगतील. आमच्याकडे तो मटण पुरावं म्हणून घालतात, आणि पुरावं म्हणजे कुणाला, हेही ठरलेलं. आई कांदा जाळावरच भाजायची, सुकं खोबरं तव्यावर काळपट होईपर्यंत परतायची, लसूण-कोथिंबीर घालून पाट्यावर वाटायची. मिक्सर आल्यावरही मटणाचं वाटण पाट्यावरच व्हायचं, कारण आबांना मिक्सरचं आवडत नसे. आबा म्हणजे माझे वडील. मटण अर्धंमुर्धं शिजलं की सालासकट दोन-दोन फोडी केलेले बटाटे पातेल्यात पडायचे. मग आबा आणि माझा धाकटा भाऊ ताटावर बसायचे. पातेलं आबांच्या शेजारी. आबा पळी तळाला नेऊन अशा बेताने वर आणायचे की बटाटे कडेला सरायचे आणि पळीत नुसते तुकडे यायचे. ही कसबाची गोष्ट आहे, गंमत नाही. नळ्या त्यांच्या, चाप भावाचे. कलेजी तर पातेल्यापर्यंत पोचायचीच नाही. ती आधीच तव्यावर परतून, लिंबू पिळून, बशीत आबांना 'चाखायला' जायची.

ते दोघं उठले की आई आणि मी. पातेल्यात रस्सा आणि बटाटे.

"बटाट्यात समदा अर्क उतरतो," आई म्हणायची. "मटन म्हंजी नुस्ता चोथा. बाप्यांना काय कळतंय त्यातलं!" आणि बटाटा भाकरीवर कुस्करून अशी मिटक्या मारत खायची की मला लहानपणी खरोखर वाटायचं, आम्ही दोघी मिळून आबांना फसवतोय.

मी लग्न होऊन गेले आणि नांदले नाही, परत आले. का आले, ते इथे सांगायचं नाही. आबांनी मला ओसरीवर बघितलं आणि म्हणाले, "आली का? आता हितं दोन बायांचा सैपाक व्हनार." तेव्हा मी जुन्नरला गेले. एसटी स्टँडच्या मागे खोली घेतली आणि मेडिकलच्या दुकानात कामाला लागले. रविवारी नारायणगाव, मंचर करत गावी यायचे. आबांसाठी नव्हे.

अशाच एका रविवारी आई भिंतीला धरून चालताना दिसली. अंगावरून रक्त जायचं तिचं किती दिवस चालू होतं कोण जाणे. आमच्याकडे बायका असल्या गोष्टी सांगत नाहीत, धुऊन टाकतात. मी तिची पापणी खाली ओढून पाहिली. आत पांढरंफटक. दुसऱ्या दिवशी कामावर खाडा करून तिला मंचरला डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, पिशवी काढावी लागेल, पण एवढ्या कमी रक्तात यांना टेबलावर घेणार नाही. आधी रक्त वाढवा. गोळ्या घ्या, आणि मांसाहार चालत असेल तर कलेजी खा.

"घरी मटण असतं का?" त्यांनी विचारलं.

"हाये की," आई म्हणाली. "दर रइवारी करती."

डॉक्टर खूश झाले. मी तोंड उघडणार तेवढ्यात आईने टेबलाखालून माझी मांडी चिमटीत धरली, ती डॉक्टरांची चिठ्ठी लिहून होईपर्यंत सोडली नाही.

म्हणजे गोष्ट सरळ होती. रक्त वाढलं तर ऑपरेशन, ऑपरेशन झालं तर आई. गोळ्यांनी तिला मळमळायचं. मी समोर असले की घ्यायची, पाठ वळली की नाही. म्हणून पुढच्या रविवारी मी जुन्नरहून कलेजी घेऊन आले, स्टीलच्या डब्यात, आणि आईच्या हातात देऊन म्हटलं, ही तुझी. मी आंघोळ करून आले तोवर ती परतून आबांच्या बशीत गेली होती. आबा दारात उभे राहून शेजाऱ्याला सांगत होते, "लेकीनं बापासाठी जुन्नरवरनं आनली."

मी आईला चुलीशी गाठलं. "अगं, तुझ्यासाठी होती ना?"

"त्यांच्या म्होरं मी कलेजी खात बसू? जीभ झडंल माझी," आई म्हणाली. तिला खरंच भीती वाटत होती.

रागाने माणसाला काही सुचत नाही म्हणतात. मला रागानेच सुचलं. या घरात एकच गोष्ट अशी होती की जी आबा कधी हात लावून बघत नव्हते. मग तीच पोकळ करायची.

त्यानंतरच्या रविवारी आई शेण काढायला गोठ्यात गेली तशी मी पिशवीतून चार मोठे, अखंड बटाटे काढले. मोठेच लागतात, गोल्टीत काही मावत नाही. वरची चकती कापली, चमच्याच्या दांड्याने आतला गर कोरून काढला. लसणावर परतलेली कलेजी बारीक चिरून आत ठासली, चकती पुन्हा बसवली आणि सुटू नये म्हणून वरून एकेक लवंग टोचली. तेलात चारी बाजूंनी परतून घेतले आणि रस्सा उकळायला लागल्यावर इतर बटाट्यांत सोडून दिले. लवंग हीच खूण. बाकी वरून बघणाऱ्याला बटाट्यासारखे बटाटे.

आबा जेवले. पळीने माझे बटाटे तीन वेळा कडेला सारले. मला हसू आवरेना.

मग आम्ही बसलो. मी लवंगेचा बटाटा आईच्या ताटात घातला. तिने कुस्करायला बोट दाबलं आणि थांबली. माझ्याकडे पाहिलं. मी भाकरीकडे पाहिलं. तिने पदराने तोंड पुसलं, लवंग काढून ताटाच्या कडेला ठेवली आणि खायला लागली.

"आज बटाटा बरा झालाय," एवढंच म्हणाली.

यावर आम्ही दोघी कधीही एक अक्षर बोललो नाही. पण पुढच्या रविवारी माझी पिशवी दिसताच आई म्हणाली, "मी जरा गोठ्यात जाऊन येती," आणि शेण तर सकाळीच निघालेलं होतं. गोठ्यात जाऊन ती म्हशीशी बोलत उभी राहायची. माझी चकती कापून, लवंग टोचून झाली की मी मुद्दाम पळी आपटायचे, मग ती यायची. आईने आयुष्यात केलेली ही एकमेव लबाडी असेल, आणि तीसुद्धा तिला म्हशीआड लपून करावी लागली.

रक्त वाढलं. तिच्या ओठांना रंग आला. चढावर दम लागेना. डॉक्टरांनी रिपोर्ट पाहून सांगितलं, आणखी थोडं वाढू द्या, बटाटा काढणी उरकली की ऑपरेशन करून टाकू. परतीच्या एसटीत आई खिडकीतून बाहेर बघत म्हणाली, "आपरेशन झाल्यावर म्या तुज्या खोलीवर ऱ्हाईन वाईच. तुजी खोली न्हाई बघितली म्या." मी म्हटलं, राहा की.

आणि मग शिनोलीचे पाहुणे आले.

भावाच्या सोयरिकीची बोलणी होती. बैठक रविवारी ठरली, म्हणजे मटण आलंच. आबा मला बाजूला घेऊन म्हणाले, "तू म्होरं येऊ नको. न नांदनारी पोर दावून सोयरीक जुळत न्हाई." मी म्हटलं बरं. आत काम होतंच. ऑपरेशन तोंडावर आलेलं, रविवार चुकवणं परवडणारं नव्हतं. मी नेहमीसारखे बटाटे भरले आणि पातेल्यात सोडले. पाहुणा बटाटा मागेल, हे माझ्या डोक्यातही आलं नाही. आमच्या घरात जन्मलेल्या कुणाच्याच आलं नसतं. मटण पुढ्यात असताना बटाटा मागणारा पुरुष आम्ही पाहिलेलाच नव्हता.

मुलीचे वडील ताटावर बसले. अंगाने भरलेले, हसरे गृहस्थ. आई त्यांना तुकडे वाढायला लागली तर त्यांनी हात आडवा धरला.

"मटन काय, कुटंबी मिळतंय वैनी. पठाराचा बटाटा लई आयकलाय. आधी दोन बटाटं वाढा."

आबा मोठ्याने हसले. "वाढ की! पावणं काय मागत्यात!"

मी दाराआडून पाहत होते. आईने पळी पातेल्यात घातली आणि फिरवत राहिली. ती बिनलवंगेचे बटाटे शोधत होती. पण ते आमचे नेहमीचे, चिरलेले, काळे डाग काढून टवके उडालेले. पाहुण्याच्या ताटात घालण्यासारखे नव्हतेच.

"काय सोनं हुडकतीस का?" आबांनी तिच्या हातातून पळी घेतली. वर दिसणारे सगळ्यांत मोठे, अखंड दोन बटाटे उचलले आणि पाहुण्यांच्या ताटात घातले.

पाहुण्यांच्या दाताखाली लवंग आली. त्यांनी ती काढली, मग ताटात पाहिलं, मग बटाटा बोटांनी उघडला. आबांचं तोंड बघण्यासारखं झालं होतं, पण मला ते बघायचा आनंद घेता आला नाही. मी आईकडेच बघत होते.

"आयला!" पाहुणे म्हणाले. "कलेजी! बटाट्याच्या पोटात कलेजी! वैनी, ह्ये कुटं शिकला?"

आईने डोक्यावरचा पदर सारखा केला. "आमच्यात असंच करत्यात," ती म्हणाली.

मग सगळ्यांनाच बटाटा हवा झाला. चारही गेले. पाहुणे बोटं चाटत म्हणाले, आमची पोर तुमच्या हाताखाली तयार होईल, याहून काय पाहिजे, आणि सुपारी फोडायची गोष्ट सुरू झाली. आबा ज्याला त्याला सांगत होते, आमच्या मंडळींच्या हाताला चवच तशी आहे. लग्न झाल्यापासून त्यांनी आईच्या हाताबद्दल चारचौघांत काढलेला हा पहिला चांगला शब्द. आईचा चेहरा असा फुलला की मी तो तसा कधी पाहिला नव्हता. मला तिचा भयंकर राग आला. तिच्या तोंडचा घास लोकांनी खाल्ला होता आणि ती लाजत होती.

पुढच्या रविवारी मी गावी पोचले तर आई चुलीशी बसून बटाटे कोरत होती. नंबर एकचा माल. आबांनी त्यासाठी शिवलेली गोणी उसवली होती. शेजारी ताटलीत कलेजीचा ढीग.

"हुकूम हाय," आई हसून म्हणाली. "आता दर रइवारी भरला बटाटा."

आबांनी आणखी एक सुधारणा केली होती. भरल्या बटाट्यांच्या जोडीला ते टवके उडालेले बटाटे वाईट दिसतात, म्हणून ते घालायचेच नाहीत. आबा आणि भाऊ जेवून उठले तेव्हा पातेल्यात नुसता रस्सा होता. आईने त्यात भाकरी कुस्करली, बोटाने कालवली, तोंडात घातली.

"रश्शात तर समदंच उतरतंय," ती म्हणाली.

मी ताट सरकवून उठले आणि ओसरीवर गेले. आबा दात कोरत बसले होते. मी सगळं सांगितलं. ते बटाटे आईसाठी होते, कलेजी आईसाठी होती, डॉक्टरांनी सांगितलंय, तिच्या अंगात रक्त नाही, तुम्ही तिचं खाताय.

आबा चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं.

"मंग खायाचं व्हतं की तिनं," ते म्हणाले. "पातेलं कुनाच्या हातात असतंय? तिच्याच ना? म्या काय कुलूप लावलंय का?"

माझ्या मागे आई येऊन उभी होती. मला वाटलं, आता तरी ही बोलेल.

"तू गप ऱ्हा," ती मला म्हणाली. "जल्मात पयल्यांदा लोकांनी माजं नाव काढलंय. त्ये बी हिसकून घेती का?"

मी आत जाऊन माझं ताट उचललं आणि घासायला घेतलं.

काढणी झाली. मग लग्नाची घाई. ऑपरेशन लग्नानंतर, असं आबांनी ठरवलं, कारण मांडवात वरमाय खाटेवर नको. डॉक्टर माझ्यावर ओरडले. ओरडायला समोर मीच होते. लग्नानंतर मी आईला जवळजवळ ओढून जुन्नरला आणलं. माझी खोली तिने नीट फिरून पाहिली, म्हणजे दोन पावलं टाकली आणि खाटेवर बसली. मी रोज कलेजी करायचे, दार बंद करून तिला खायला घालायचे. तिने खाल्ली, पण दाराकडे बघत बघत, चोरीचं खावं तशी. मग रविवारी आबांचा फोन आला. सुनेला जमत नाही, बटाटा फुटतो, तू ये. आई पिशवी भरायला लागली.

"त्यास्नी दुसऱ्याच्या हातचा न्हाई चालत," ती म्हणाली. हे तिने अभिमानाने सांगितलं.

त्याच हिवाळ्यात ती गोठ्यात पडली. खरोखरच शेण काढायला गेली होती. मंचरला पोचेपर्यंत गाडीची मागची सीट भिजली होती आणि आई संपली होती.

दहाव्याला नदीवर गाव जमलं. पिंडाशेजारी मयताच्या आवडीचं ठेवतात. आबांनी भावजयीला, म्हणजे भावाच्या नव्या बायकोला, भरला बटाटा करायला सांगितलं होतं. पिंडाजवळ खारं, म्हणजे मांसमटण, नको, असं भावकीतल्या म्हाताऱ्यांनी बजावलं, तेव्हा आत कलेजीऐवजी दाण्याचं कूट भरलं. वर लवंग मात्र टोचली होती. मेल्यावरसुद्धा आईला कलेजी मिळाली नाही. हे मी तिथे उभी राहून मनातल्या मनात पुन्हा पुन्हा म्हणत होते, दुसरं काही डोक्यात येतच नव्हतं.

मला वाटलं, कावळा शिवणार नाही. मी त्याचीच वाट पाहत होते. तासभर लोकांना उन्हात ताटकळू दे, आबांना हात जोडून विनवण्या करू देत. पण पत्रावळ ठेवून माणसं मागे सरली न सरली तोच कावळा उतरला, पिंडाला चोच लावली आणि बटाटा फोडला.

"माउली सुकानं गेली," कुणीतरी म्हणालं. लोकांनी माना डोलावल्या.

आबा डोळे पुसत माझ्याकडे वळले. "बगितलं? म्या म्हनलं व्हतं. तिला बटाटाच लई आवडायचा."

"तिला बटाटा आवडत नव्हता," मी म्हटलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "तिच्यासाठी बटाटा उरायचा."

आबांना माझा राग आला नव्हता, ते खरंच आठवत होते. "आगं, तीच म्हनायची," ते म्हणाले. "बटाट्यात समदा अर्क उतरतो म्हनून."

ते खरं बोलत होते, आणि तिथल्या निम्म्या लोकांनी आईच्या तोंडून ते ऐकलेलं होतं.

त्यानंतर मी गावी जायचं सोडणार होते. पण भावजयीला दिवस गेले. कळलं तशी एका रविवारी गेले, स्टीलच्या डब्यात परतलेली कलेजी घेऊन. ती चुलीशी बसून बटाटे कोरत होती. आता तिचा एकही फुटत नाही. मी तिची पापणी खाली ओढून पाहिली आणि डबा उघडून तिच्यापुढे ठेवला.

"ऱ्हाऊ द्या वन्सं," ती म्हणाली. "मामांना देते. मला काय, रस्सा बी चालतो. रस्साच आवडतो मला."

मी उठले आणि स्वयंपाकघराचं दार आतून लावलं. तिच्यासमोर बसले, एका हाताने तिचं मनगट धरलं आणि दुसऱ्या हाताने कलेजीचा घास तिच्या तोंडाशी नेला. ती घाबरली. मी म्हटलं, खा, नाहीतर थोबाडीत देईन, आणि दिलीही असती. ती रडायला लागली. रडत रडत चावत होती, मी पुढचा घास भरत होते, आणि बाहेर आबा बटाटा का येत नाही म्हणून ताटावर पळी आपटत होते.